तहानेने राखलेलं जंगल

माझं बालपण बोरिवलीत गेलं. आमच्यासाठी ‘नॅशनल पार्क’ म्हणजे शाळेची सहल, ‘वनराणी’ची झुकझुक आणि कान्हेरीच्या पायऱ्यांवर उघडलेला डबा. मुंबईसारख्या जागेला हपापलेल्या शहरात सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल शिल्लक राहिलंच कसं, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. पुढे इतिहास चाळताना त्याचं उत्तर मिळालं. हे रान आधी राखलं गेलं ते पाण्यासाठी. वाघ-बिबटे आणि झाडं यांचा विचार नंतर आला.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळ्या कातळाचा डोंगर. इथं शंभराहून अधिक लेणी आहेत आणि लेण्यांच्या शेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. कल्याण, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी इथं दानं दिली. पावसाचं पाणी पन्हळींतून टाक्यांत आणून भिक्षूंनी शतकानुशतकं हा डोंगर नांदता ठेवला.

मग इंग्रजांची मुंबई वाढली. १८५४मध्ये पाण्याची भीषण टंचाई झाली. शहरातल्या विहिरी आणि तळी पुरेनात. १८५६मध्ये विहार तलावाचं काम सुरू झालं, १८६०मध्ये ते पुरं झालं आणि शहरात नळाचं पाणी आलं. १८७९मध्ये तुळशी तलाव झाला. प्यायचं पाणी स्वच्छ हवं, तर तलावाभोवतीचं रान मोकळं ठेवणं ओघानंच आलं. स्वातंत्र्यापूर्वी इथलं ‘कृष्णगिरी उद्यान’ जेमतेम २० चौरस किलोमीटरचं होतं. १९६९मध्ये भोवतालची राखीव वनं जोडून ते विस्तारलं.

पण तोवर शहर जंगलाच्या दारात येऊन ठेपलं होतं. ज्यांच्या श्रमांवर ते वाढलं, त्यांना शहरात घर परवडेना. ती माणसं उद्यानाच्या हद्दीत झोपड्या बांधून राहिली. १९९५मध्ये एका पर्यावरणवादी संस्थेनं उच्च न्यायालयात याचिका केली आणि मे १९९७मध्ये अतिक्रमणं हटवण्याचा आदेश झाला. १ जानेवारी १९९५च्या मतदारयादीत नाव असलेल्यांना सात हजार रुपये भरून पर्यायी जागा मिळायची होती. यादीत नाव नसलेल्यांच्या वाट्याला नुसता बुलडोझर आला. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहणाऱ्या आदिवासी पाड्यांचा प्रश्न वेगळा आहे, हेही लोकांच्या ध्यानात उशिरानंच आलं. जंगल वाचायला हवं होतं, यात मला शंका नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही इतिहासात लिहिलं गेलं पाहिजे.

हद्द आखली म्हणजे काम संपत नाही, हे बिबट्यानं शिकवलं. जून २००४मध्ये एका महिन्यात दहा जण बिबट्यांच्या हल्ल्यांत दगावले. तेव्हा उपाय एकच माहीत होता : पिंजरा लावा, बिबट्या पकडा आणि दुसरीकडे सोडा. अभ्यासकांनी दाखवून दिलं, की यानं संकट वाढतं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. खरं कारण आपल्या उकिरड्यात होतं. कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. २०११पासून वनखातं, अभ्यासक आणि नागरिक एकत्र येऊन वस्त्यांत फिरू लागले. कचरा उचला, वाटेवर दिवे लावा, अंधारात मुलांना एकटं सोडू नका, एवढंच ते सांगत. वाघोबाला देव मानणाऱ्या वारल्यांना यातलं बरंचसं आधीच ठाऊक होतं.

आज मुंबईचं बहुतेक पाणी वैतरणा-भातसाकडून येतं. विहार-तुळशीचा वाटा अगदी थोडा. म्हणजे जंगल राखायचं जुनं कारण दुबळं झालं. आरेतल्या झाडतोडीवरून २०१९मध्ये जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी मला हेच दिसतं. पुढे २०२१मध्ये आरेची ८१२ एकर जमीन राखीव वन ठरली, ती लोकांनी आवाज उठवल्यामुळे.

तहानेनं राखलेलं जंगल आता समजुतीनं राखायचं आहे. ते काम एकट्या वनखात्याचं नाही. कुंपणाला लागून ज्यांची घरं आहेत, त्या इमारतींतल्या आणि पाड्यांवरच्या माणसांना त्यात सारखंच स्थान हवं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)