तुरुंगाच्या कायद्याला नर्स आठवली नाही

तुरुंगाचा इतिहास आपण वाचतो तो पुढाऱ्यांचा. कोण कुठल्या बराकीत होता, आत बसून कोणी काय लिहिलं. पण बराकीत तापानं फणफणलेल्या माणसाला पाणी कोणी पाजलं, जखमेची पट्टी कोणी बदलली? म्हणून मी सूतगिरणीतली पाळी संपवून जुना कायदाच वाचायला घेतला.

१८९४ चा इंग्रजांचा तुरुंग कायदा. आमचं कंधार तेव्हा निजामाकडं होतं, पण पुढं देशभरच्या तुरुंगांची घडी बसली ती याच कायद्याची. कलम ३९ म्हणतं, प्रत्येक तुरुंगात दवाखाना किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा पाहिजे. कलम ६ मध्ये माणसं मोजलीत : अधीक्षक, वैद्यकीय अधिकारी, त्याच्या हाताखालचा दुय्यम, जेलर आणि सरकारला लागतील ते इतर. नर्सचं नाव नाही. बाई दिसते ती कलम २४ मधली मेट्रन, बाई कैद्यांची झडती घ्यायला. आणि डॉक्टरचं काम? कैदी शिक्षा सोसण्याइतका धडधाकट आहे असा दाखला द्यायचा, फटके मारताना हजर राहायचं. फटक्यांपाशी डॉक्टर उभा केला; नंतर पाठीला मलम लावणारा हात मात्र कायद्याला आठवला नाही.

मग शुश्रूषा केली कोणी? कैद्यांनीच. दवाखान्यात मदतनीस म्हणून कैदीच लावले गेले. आणि तुरुंगातली कामं तर जातीवर वाटलेली. पश्चिम बंगालच्या नियमावलीत सफाईला मेहतर, हाडी, चांडाळ. स्वयंपाकाला ‘योग्य’ जातीचा कैदी. आजाऱ्याचं भांडं कोणाच्या हाती गेलं असेल, ते मी सांगायला नको. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं असले नियम घटनाबाह्य ठरवले ते ३ ऑक्टोबर २०२४ ला. बाबासाहेबांची घटना लागू होऊन ७४ वर्षं झाल्यावर!

२०१६ च्या केंद्राच्या नमुना कारागृह संहितेत स्टाफ नर्सची पदं आली. पण तुरुंग हा राज्याचा विषय. नमुना तो नमुनाच.

नर्स का पाहिजे? डॉक्टर फेरी मारून जातो, नर्स पाळीभर असते. क्षयाची गोळी रोज गिळली का, जेवण कोणी सोडलं, रात्री कोण बडबडतं, हे तिलाच कळतं. अंगावरचा वळही तिला आधी दिसतो. तो कागदावर चढला तर पुरावा, नाही तर कैदी ‘पाय घसरून पडला’. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम सांगतात : छळाच्या खुणा नोंदवा, कळवा; आणि उपचाराचा निर्णय वैद्यकीय माणसाचाच, जेलरनं तो फिरवायचा नाही.

हे आपल्याशी का लागतं? देशात दर पाच कैद्यांमागं साधारण एक अनुसूचित जातीचा आहे. नामांतराच्या लढ्यात मराठवाड्यातली आपलीच माणसं आत गेली. तेव्हा मागण्यांच्या यादीत ही ओळ घाला. नांदेडच्या तुरुंगात नर्सची पदं किती, भरलेली किती, रात्रपाळीला कोण, माहितीच्या अधिकारात विचारा. आणि ती नर्स कोणाच्या हुकमाखाली, जेलरच्या की आरोग्य खात्याच्या, हेही विचारा. वळ कागदावर चढणार की नाही, ते त्या उत्तरावर आहे.