वय उलटून गेलेले वैमानिक

२८ जुलै १९४४. न्यू गिनीच्या पश्चिमेला, सेराम बेटाजवळ, पी-३८ लाइटनिंग जातीच्या एका अमेरिकन विमानाने जपानी की-५१ विमान पाडलं. वैमानिकाचं वय ४२. तो सैन्यात नव्हताच. कागदोपत्री तो एका विमान कंपनीचा तांत्रिक प्रतिनिधी होता. नाव चार्ल्स लिंडबर्ग, १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडणारा. तीनच दिवसांनी, ३१ जुलैच्या सकाळी, कॉर्सिका बेटावरच्या बोर्गो तळावरून त्याच जातीचं एक टेहळणी विमान फ्रान्सच्या दिशेने निघालं आणि परतलं नाही. त्यात ४४ वर्षांचा आंत्वान द सँतेक्झुपेरी होता, ‘द लिटल प्रिन्स’चा लेखक.

नियम काटेकोर लावला असता तर दोघांपैकी एकालाही त्या कॉकपिटमध्ये बसता आलं नसतं. बसता आलं, कारण दोघांचाही हात थेट सेनापतींपर्यंत पोचत होता. लष्करी वैमानिकांच्या वयोमर्यादेचा इतिहास चाळताना हे पुन्हा पुन्हा दिसतं. चर्चा होते ती नजरेची, चपळाईची, हृदयाच्या ठोक्यांची. पण आखलेली रेघ कुणासाठी थोडी पुढे सरकवायची, हे बहुतेक वेळा दोन गोष्टींनी ठरलं आहे: माणसांची टंचाई आणि वशिला.

मुळात ही रेघ आली कुठून? शरीराचा मुद्दा खोटा नाही. चाळिशीला चाळिशी लागतेच, आणि हातभर अंतरावरच्या तबकड्या वाचणं हे तर वैमानिकाचं रोजचं काम. पण सैन्यं वैमानिक घेतात ती विशीत, तिशीच्या पुष्कळ आधी. त्यामागे हिशेब आहे. वैमानिक घडवायला वर्षं लागतात आणि पैसा पाण्यासारखा जातो. तो वसूल व्हायचा तर पुढे बरीच वर्षं त्याने उडत राहिलं पाहिजे. शिवाय हुद्द्यांची उतरंड असते. तिशीत पहिली फीत लावणारा अधिकारी त्याच्याच वयाच्या स्क्वाड्रन लीडरला सलाम ठोकणार, हे कुठल्याच सैन्याला रुचत नाही.

पहिल्या महायुद्धात हा हिशेब अजून पक्का झाला नव्हता. ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरची ४० नंबरची स्क्वाड्रन घ्या. तिथे रॉबर्ट ग्रेगरी होता: आयर्लंडचा जमीनदार, चित्रकार, बायकामुलांचा धनी. पस्तिशीला टेकल्यावर १९१६ मध्ये तो विमानदलात आला. पुढे दुसऱ्या एका स्क्वाड्रनचा प्रमुख झाला आणि जानेवारी १९१८ मध्ये इटलीत विमान कोसळून गेला. कवी येट्सने त्याच्यावर लिहिलं म्हणून तो आज आठवतो. याच ४० नंबरमध्ये मिक मॅनॉक १९१७ च्या एप्रिलमध्ये दाखल झाला, तिशीच्या उंबरठ्यावर. त्याचा एक डोळा अधू होता आणि तपासणीचा तक्ता पाठ करून तो पास झाला, अशी दंतकथा आहे. आणि १९१८ च्या उन्हाळ्यात याच स्क्वाड्रनमध्ये होता कोलकात्यात जन्मलेला इंद्रलाल रॉय. वय १९. डोळ्यांवरून त्यालाही आधी नाकारलं होतं. सांगतात की त्याने मोटरसायकल विकून मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडून दुसरं मत मिळवलं. दहा विमानं नावावर लावून २२ जुलै १९१८ रोजी तो पडला. चार दिवसांनी मॅनॉकही गेला, ३१ व्या वर्षी.

भारतीय तरुणांपुढे तेव्हा वयाआधी दुसरीच अडचण होती, कातडीच्या रंगाची. हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डचा पदवीधर, चांगला क्रिकेटपटू. तरी ब्रिटिश सैन्यात त्याला अधिकारी म्हणून जागा नव्हती. फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवून झाल्यावर फ्रेंच विमानदल त्याला घ्यायला तयार झालं. तेव्हा त्याच्या कॉलेजातल्या शिक्षकांनी, अर्कहार्ट यांनी, फ्लाइंग कोअरचे प्रमुख जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिलं आणि एप्रिल १९१७ मध्ये कमिशन मिळालं. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हेही त्या मोजक्या भारतीयांपैकी. ते २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत होते. जून १९१८ अखेरीस फ्रान्समध्ये त्यांचा मृत्यू झाला. मलिक बचावले आणि नव्वदी गाठून गेले.

दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा पहिल्याचे वैमानिक चाळिशी-पन्नाशीत पोचले होते आणि त्यांच्यातल्या अनेकांना घरी बसवत नव्हतं. लुई स्ट्रेंज हा त्यातला सगळ्यात मजेदार माणूस. १९१५ मध्ये विमान उडवत असतानाच तो उभा राहून मशीनगनचा अडकलेला ड्रम सोडवत होता. तेवढ्यात विमान उलटं झालं आणि हा त्या ड्रमला लोंबकळत राहिला. पाय झाडत झाडत कॉकपिटमध्ये परतला खरा, पण त्या झटापटीत आसन आणि उपकरणं मोडली, म्हणून वरिष्ठांची बोलणी खाल्ली. हाच स्ट्रेंज १९४० मध्ये ४८ व्या वर्षी कनिष्ठ अधिकारी म्हणून पुन्हा भरती झाला. मे महिन्यात फ्रान्समधल्या मेरव्हिलच्या धावपट्टीवर नादुरुस्त हरिकेन विमानं सोडवून आणायचं काम त्याच्याकडे होतं. वैमानिक कमी पडले तेव्हा तो स्वतःच एकात बसला. हरिकेन त्याने त्याआधी कधी उडवलं नव्हतं आणि त्या विमानात दारूगोळाही नव्हता. मागे मेसरश्मिट लागली. झाडांच्या शेंड्यांना घासत तो इंग्लंडला पोचला.

आर्नल्ड विल्सनची गोष्ट इतकी हसरी नाही. हा हिंदुस्थानी फौजेतला जुना अधिकारी. १९०८ मध्ये इराणात तेल लागलं तेव्हा खोदकामावर पहारा देणाऱ्या तुकडीचा म्होरक्या, नंतर बगदादमध्ये ब्रिटिश कारभाराचा प्रमुख, मग खासदार. युद्धाआधी जर्मनीशी जुळवून घ्यावं असं म्हणणाऱ्यांपैकी तो एक होता. युद्ध सुरू झाल्यावर ५५ व्या वर्षी तो विमानदलात शिरला. वैमानिकाची जागा मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून बॉम्बफेकी विमानाच्या तोफचीची जागा घेतली. ३१ मे १९४० रोजी डंकर्कजवळ त्याचं वेलिंग्टन पडलं आणि तो मारला गेला. सर ही पदवी आणि पार्लमेंटातली खुर्ची नसती, तर पंचावन्न वर्षांच्या माणसाला भरती केंद्रावरच्या कारकुनाने दारातूनच परत पाठवलं असतं, यात शंका नको.

ज्यांना पत्र लिहायला कुणी जनरल नव्हता, त्यांच्यासाठी ब्रिटनने एक वेगळं दार काढलं: एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी. कारखान्यातून निघालेली विमानं तळांवर पोचवायची, एवढंच काम. वय झालेले, चष्मेवाले, लंगडे असे सगळे इथे चालत. स्टुअर्ट कीथ-जॉप या वैमानिकाने पहिल्या युद्धात एक हात आणि एक डोळा गमावला होता. तोही इथे विमानं नेत होता. थट्टेखोर लोक या संस्थेला म्हाताऱ्या फाटक्यांची फौज म्हणत. विमानात रेडिओ नसे, बंदूक नसे. हातात असे ती छोट्या पानांची, कड्यांनी बांधलेली टिपणवही: अमुक विमान किती वेगाला उचलायचं, चाकं कधी आत घ्यायची, उतरताना काय जपायचं. कधी न पाहिलेलं विमान वहीची दोन पानं वाचून उडवायचं. युद्ध संपेपर्यंत या लोकांनी तीन लाखांहून अधिक विमानं पोचती केली आणि १७० हून अधिक जणांनी जीव गमावला. १९४० च्या पहिल्याच दिवशी इथे आठ स्त्रिया रुजू झाल्या आणि १९४३ पासून त्यांना पुरुषांइतकाच पगार मिळू लागला. लढाऊ दलाने टाकून दिलेल्यांच्या या संस्थेचं काम मला तरी स्ट्रेंज-विल्सनच्या पराक्रमांपेक्षा मोठं वाटतं.

पलीकडच्या गोटातही असे लोक होतेच. पहिल्या युद्धात ३२ विमानं पाडणारा थिओ ऑस्टरकाम्प १९४० मध्ये ४८ वर्षांचा होता. तरी त्याने आणखी सहा पाडली. जर्मन पोरं त्याला थिओकाका म्हणत. आपल्याकडे वैमानिक मनमोहनसिंग यांना सगळे चाचा म्हणत. १९३० मध्ये इंग्लंड-हिंदुस्थान एकट्याने उडण्याच्या आगाखान स्पर्धेत जेआरडी टाटा आणि अस्पी इंजिनियर यांच्याबरोबर उतरलेले हेच ते मनमोहनसिंग. तिशी उलटल्यावर ते युद्धात आले आणि पाणविमानं चालवू लागले. ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरात जपानी झीरो विमानांनी नांगरलेल्या पाणविमानांवर हल्ला केला, त्यात ते गेले.

सँतेक्झुपेरीचं प्रकरण मात्र जवळून पाहण्यासारखं आहे, कारण तिथे रेघ सरकवल्याची किंमत दिसते. १९४३ मध्ये तो अमेरिकेतून उत्तर आफ्रिकेत आला आणि खटपटी करून आपल्या जुन्या टेहळणी पथकात शिरला. लाइटनिंगच्या वैमानिकांसाठी घालून दिलेलं वय कितीतरी मागे पडलं होतं. १९३८ मध्ये ग्वाटेमालात झालेल्या अपघाताने हाडं खिळखिळी करून ठेवली होती. उड्डाणाचा जाड पोशाख त्याला स्वतःला चढवता येत नसे. दुसऱ्याने चढवावा लागे. मान डावीकडे पुरती वळत नसे, म्हणजे त्या बाजूने मागे शत्रू लागला तर दिसणारच नाही. आणि काम काय, तर नऊ हजार मीटरवर, बिनशस्त्र, ऑक्सिजनच्या नळीवर तासन् तास एकट्याने फोटो काढायचे. १ ऑगस्ट १९४३ रोजी उतरताना विमान धावपट्टीबाहेर गेलं आणि अमेरिकनांनी त्याला खाली बसवलं. अल्जिअर्समध्ये आठ महिने तो भेटेल त्याला पत्रं लिहीत राहिला. शेवटी अमेरिकन जनरल ईकर यांच्यापर्यंत पोचला आणि पाच फेऱ्यांची परवानगी मिळाली. पाचाच्या पुढेही तो उडत राहिला. ४४ व्या वाढदिवशी एक इंजिन बंद पडलेलं विमान घेऊन तो शत्रूच्या प्रदेशावरून परतला. सहकाऱ्यांनी एक युक्ती योजली होती, असं सांगतात: दक्षिण फ्रान्सवरच्या चढाईचं गुपित त्याला सांगून टाकायचं, म्हणजे पकडला जाण्याच्या भीतीने वरिष्ठ त्याला उडू देणार नाहीत. ते सांगायचं राहून गेलं. विमानाचे अवशेष मार्सेयजवळ समुद्रात सापडले आणि २००४ मध्ये त्यांची ओळख पटली. ते पडलं कशाने, हे कळलेलं नाही. त्यामुळे दोष वयाला देणंही बरोबर नाही.

लिंडबर्गने उलट बाजू दाखवली. युद्धात उतरण्याला विरोध केल्यामुळे रूझवेल्ट सरकारने त्याला पुन्हा गणवेश दिला नाही, म्हणून तो कंपनीच्या नावाने पॅसिफिकमध्ये गेला. तिथे विशीतल्या वैमानिकांना त्याने इंधन वाचवायला शिकवलं: इंजिनाचे फेरे कमी, दाब जास्त, मिश्रण पातळ. पोरांना वाटलं इंजिनं जळतील. उघडून पाहिली तर ठणठणीत. सहा-सात तासांची उड्डाणं नऊ-दहा तासांपर्यंत लांबली. हे शहाणपण सतरा वर्षांपूर्वीच्या अटलांटिक उड्डाणातून आलं होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला जपानी विमानाच्या तावडीतून तो थोडक्यात वाचला आणि त्याची लढाई तिथेच थांबवण्यात आली.

आज भारतीय वायुदलात वशिल्याला जागा नाही, ही मोठीच सुधारणा. जागा आहे ती जन्मतारखेला. एनडीएसाठी साडेसोळा ते साडेएकोणीस, पदवीनंतर उड्डाण शाखेसाठी २० ते २४, आणि यूपीएससी दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीख प्रमाण मानते. महाराष्ट्रात या तारखेची वेगळीच कथा. जून महिन्यात शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोरांच्या नावापुढे १ जून लिहून टाकला, अशा पिढ्याच्या पिढ्या आहेत. दर ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीच्या निरोपसमारंभांची रांग लागते ती त्यामुळेच. लिहिलेली तारीख खऱ्या वयाच्या सहा महिने पुढे असो की मागे, वायुदल तीच धरणार.

स्त्रियांच्या बाबतीत तर दारच इतक्या उशिरा उघडलं की वय मोजायची वेळ आली नाही. वायुदलाच्या हरिता कौर देओल १९९४ मध्ये एकट्याने उडाल्या. पण लढाऊ विमानांची शाखा खुली होऊन अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग रुजू झाल्या त्या जून २०१६ मध्ये. देओल यांच्या वेळच्या पहिल्या तुकड्यांतल्या मुली तोवर चाळिशी ओलांडून गेल्या होत्या.

वायुदलाच्या या वयोमर्यादेत एक फट मात्र आहे. डीजीसीएचा वैध व्यावसायिक परवाना असेल तर मर्यादा २४ वरून २६ होते. दोन वर्षं वाढून मिळतात, पण त्या परवान्यासाठी लाखो रुपये मोजावे लागतात आणि ते बहुतेक घरांना कर्ज काढूनच. त्यानंतर निवड मंडळात संगणकासमोर बसून, हाताने दांडा आणि पायाने पेडल सांभाळत वैमानिकाच्या कलाची परीक्षा द्यायची. ही आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालेला बाविशीचा उमेदवार दोन वर्षं हाताशी असूनही उड्डाणासाठी पुन्हा अर्ज करू शकत नाही. जमिनीवरच्या शाखांसाठी मात्र तोच मुलगा परत येऊ शकतो.