चौकातली देवी

परवा बोरिवलीच्या बाजारात नातीने एक पणती उचलली. गेरूच्या रंगावर पांढरा तारपा नाच! "आजोबा, ही माणसं त्रिकोणांची का?" दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की वारली माणूस उभा राहतो, एवढे तिला सांगितले, पण मला आठवला तो चौक.

वारल्यांच्या लग्नघरी सवासिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. मध्ये पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणते. चौकावाचून लग्न नाही.

पुढे १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले. जिव्या सोमा म्हसे यांनी शेत, जाळे, नाच, सारे जगणेच कागदावर आणले. २०११ साली ते पद्मश्री झाले, २०१८ साली वारले. बायकांची भिंत अशी पुरुषांच्या हाती आली. त्यातून कित्येकांची चूल पेटली, हे चांगलेच झाले. मात्र पणतीवर नाच आला आणि देवी मागे राहिली.

इथल्या राष्ट्रीय उद्यानातही वारल्यांचे पाडे आहेत. नातीला म्हटले, "पणती घे. तुळशीचं लग्न झालं की पाड्यावर जाऊ. कुणी सवाशीण भेटली, तर तिलाच देवीविषयी विचार."