दुखऱ्या पायावर उभं राहणं

पाय मुरगळतो, सूज उतरते, एक्स-रे स्वच्छ येतो. दुखणं मात्र जात नाही. पुढे चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, पाऊल निळसर आणि गार पडतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला असं झालं की घरातले आधी हळहळतात, मग हळूच विचारतात, 'नाटक तर करत नाही ना?' या दुखण्याला आज सीआरपीएस म्हणतात. त्याचा इतिहास रणांगणापासून सुरू होतो.

अमेरिकन यादवी युद्धात डॉ. सायलस वेअर मिचेल फिलाडेल्फियात मज्जातंतूंना गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार करत. जखम भरली तरी आग थांबत नाही, हे त्यांनी बारकाईने नोंदवलं आणि त्या वेदनेला 'कॉझाल्जिया' हे नाव दिलं. 1916मध्ये फ्रेंच सर्जन रने लरीश यांनी त्यावर धमनीभोवतीचे मज्जातंतू काढून टाकायचा उपाय मांडला. पुढे कित्येक दशकं सुरी किंवा बधिर करणारी इंजेक्शनं यांवरच भर राहिला.

मुलांच्या बाबतीत वेगळी वाट दाखवली ती डेव्हिड शेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 1999मध्ये त्यांनी 103 मुलांचे अनुभव प्रसिद्ध केले. उपचार काय? रोज पाच-सहा तास व्यायाम, पाण्यातल्या हालचाली, दुखऱ्या त्वचेला पुन्हा स्पर्शाची सवय लावणं, जोडीला मानसशास्त्रीय मूल्यमापन. सरासरी 14 दिवसांत 92 टक्के मुलांची लक्षणं गेली. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि दोन वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा झालेल्या 49 मुलांपैकी 15 जणांचं दुखणं मध्यंतरी उलटलं होतं, हेही सांगायला हवं.

मी सॉफ्टवेअरवाला. बिघाड दुरुस्त झाल्यावरही वाजत राहणारे अलार्म माझ्या रोजच्या ओळखीचे. तिथे अलार्म बंद करता येतो. इथे मज्जासंस्थेला हालचालीतूनच पटवावं लागतं की धोका टळलाय. गंमत म्हणजे 'रेस्ट क्युअर', म्हणजे सक्तीची विश्रांती, हा उपचारही याच मिचेल यांचा. त्यांनी ओळखलेल्या वेदनेवर मुलांना लागू पडलं ते नेमकं उलट.

पण यात एक अट आहे. दुखऱ्या पायावर उभं राहायला सांगणाऱ्याने आधी तिचं दुखणं खरं मानलेलं असावं. नाहीतर तोच व्यायाम तिला शिक्षा वाटेल.