तारेच्या टोकाचा रोध

दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायचे असेल तर मध्ये तार ओढली की काम झाले, असे वरवर पाहता वाटते. ओहमचा नियम शिकवताना आपणही तारेकडे एक रोध म्हणूनच पाहतो. तार याहून बरेच काही करते हे कळायला एक समुद्री केबल निकामी व्हावी लागली.

ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड ते न्यूफाउंडलंड ही अटलांटिकच्या तळावरची पहिली केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे सोळा तास लागले. संकेत क्षीण येतात म्हणून वाइल्डमन व्हाइटहाउस या मुख्य विद्युततज्ज्ञाने (हा मूळचा शल्यविशारद!) दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब दिला. आधीच सदोष असलेली केबल काही आठवड्यांतच मुकी झाली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, त्यापूर्वीच सांगत होता की अशी केबल हे एक लांबच लांब धारित्र आहे. संकेताला लागणारा वेळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि दाब वाढवल्याने तो कमी होत नाही. १८६६ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने टाकलेली केबल टिकली. याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन केबलही टाकली.

थॉमसनच्या हिशेबात तारेचा रोध होता, धारिता होती, पण स्वप्रवर्तन नव्हते. ते घातले ऑलिव्हर हेविसाइडने. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला, तारायंत्राची नोकरीही १८७४ मध्ये सोडून घरी गणित करत बसलेला हा माणूस. त्याच्या समीकरणांतून असे निघते की दाब तारेवरून लाटेसारखा धावतो आणि या लाटेला एक ठरावीक रोध जाणवतो. दर मीटरच्या प्रवर्तनाला दर मीटरच्या धारितेने भागून वर्गमूळ काढले की तो मिळतो. तार दहा मीटर असो की हजार, हा आकडा बदलत नाही. स्वप्रवर्तन मुद्दाम वाढवले तर संकेत कमी विकृत होईल, असेही तो १८८७ मध्ये म्हणाला. ब्रिटिश पोस्टखात्याचा विल्यम प्रीस स्वप्रवर्तनाला शत्रूच मानत असे. हेविसाइड बंधूंचा निबंध त्याने छापूच दिला नाही. पुढे अमेरिकेत टेलिफोनच्या तारांवर वेटोळी बसवून हीच कल्पना खरी ठरली. पेटंटचे पैसे मात्र प्यूपिनला मिळाले.

वर्गात दोरीचे एक टोक भिंतीला बांधून झटका द्या. उंचवटा भिंतीपर्यंत जातो आणि उलटा होऊन परततो. टोक मोकळे सोडले तर सुलटाच परततो. तारेचेही तसेच आहे: टोकाशी दोन्ही तारा जोडून टाकल्या तर प्रतिध्वनी उलटा, मोकळ्या ठेवल्या तर सुलटा. टोकाला नेमका तो ठरावीक रोध जोडला तर लाटेला तार पुढेही चालूच आहे असे वाटते. ती सारी ऊर्जा रोधात जिरते आणि काहीच परतत नाही.

संगणकांच्या जोडणीत हे ज्ञान लगेच लागले नाही. १९६० चे आरएस-२३२ मानक संगणक व मोडेम यांच्यातल्या थोड्याशा अंतरासाठी होते. त्यात सर्व संकेतांना मिळून एकच सामाईक परतीची तार असे. कारखान्यात दूरवरची अनेक यंत्रे जोडायची तर दोन ठिकाणच्या जमिनींतच काही व्होल्टचा फरक पडतो, तो संकेतात मिसळतो. उपाय जुनाच होता. ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये दोन तारांना पीळ घालण्याचे पेटंट घेतले होते: बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो, आणि फक्त फरक वाचला की तो वजा होतो. १९८३ च्या आरएस-४८५ मानकाने असाच फरक वाचला आणि एका जोडीवर ३२ प्रमाणित भारांपर्यंत यंत्रे बसवायची सोय केली. अशा पिळाच्या जोडीचा ठरावीक रोध १०० ते १२० ओहम असतो, म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहम लावतात.

न लावले तर? १२०० मीटर जायला लाटेला सुमारे ६ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगात एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो, त्यात प्रतिध्वनी येऊन विरूनही जातात. एक लाख बिटांच्या वेगात बिट १० मायक्रोसेकंदांचा, आणि परतणारी लाट थेट पुढच्या बिटावर आदळते. म्हणूनच वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली जोडणी वेग वाढवताच बिघडते. उलट अतिउत्साहाने प्रत्येक पेटीतला रोध चालू केला तर दहा पेट्यांचे मिळून १२ ओहम होतात. एवढा भार पाठवणाऱ्याला पेलत नाही.

आणखी एक भानगड उरते. कोणीच बोलत नसताना हे दोन रोध तारांमधला फरक शून्यावर आणतात. ०.२ व्होल्टपेक्षा कमी फरकाला शून्य म्हणायचे की एक, याची हमी मानक देत नाही. मग गोंगाटातून भुताटकीची अक्षरे उमटतात. त्यासाठी एक तार रोधातून ५ व्होल्टला आणि दुसरी तशाच रोधातून जमिनीला जोडतात. दोन १२० समांतर म्हणजे ६० ओहम, त्यावर ०.२ व्होल्ट हवे तर प्रवाह ३.३ मिलिअँपिअर. ५ व्होल्टसाठी एकूण रोध १५०० ओहम. त्यातून ६० वजा केले की उरलेल्याचे निम्मे, प्रत्येकी ७२०. बाजारात ६८० चा सहज मिळतो, तो चालतो. तारेवर यंत्रे बरीच असतील तर त्यांच्या भारामुळे आणखी खाली यावे लागते.