प्लेग, कौलं आणि साडेत्रेसष्ट अंश

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि शहराची झोप उडाली. जंतू दोन वर्षांपूर्वीच हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अंधार, ओल आणि कोंदट हवा, सगळा दोष यांचाच, असं साहेबी डॉक्टरांना वाटे. मग काय, उजेड-वारा आत यावा म्हणून प्लेगवाले लोकांच्या घरांची कौलंच उचकटायला लागले!

१८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमोंने उंदरावरच्या पिसवांवर बोट ठेवलं. ते पटायला आणखी काही वर्षं गेली. गंमत म्हणजे त्याच वर्षी मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि तो खेळत्या हवेचा ध्यास घेऊनच. दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. (ज्यांच्या खोल्या पाडल्या ते कुठे गेले, हा प्रश्न आजही अवघडच आहे.) शिवाय साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला. भूमिती आठवते ना? सोप्या भाषेत, इमारतीच्या उंचीच्या साधारण निम्मी जागा समोर मोकळी हवी. दादर-माटुंग्याच्या जुन्या घरांतून अजून वारा वाहतो तो या विचारामुळे. रोगाचं कारण चुकलं, घरं मात्र छान झाली.

२०२० मध्ये नेमकं उलटं घडलं. या वेळी रोग खरोखरच हवेतून पसरत होता आणि आपण भाजी धूत बसलो होतो! क्षयाचे जंतू हवेतून जातात हे बाल्टिमोरच्या इस्पितळात वेल्स आणि रायली यांनी गिनीपिग ठेवून १९५० च्या दशकातच दाखवलं होतं. तरी जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांना जाहीर पत्र लिहून सांगावं लागलं, की बाबांनो, हवेकडे बघा. आपल्या सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये खिडक्या उघडा म्हणून पत्रक काढलं, तोवर दुसरी लाट येऊन माणसं गेली होती.

त्यानंतर मी कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आणलं. गॅलरीत आकडा सव्वाचारशेच्या आसपास असतो. रात्री एसी लावून दार लावलं, की सकाळी दीड हजाराच्या वर. आपला भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, तीच तीच गार करतो. हे आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं.

आणि दादरला नात्यातल्या एका घराची गॅलरी गेल्या वर्षी काचा लावून बंद केली. धूळ येते म्हणून.