पाणी कोणाचे?

सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाची मीमांसा करताना बाबासाहेबांनी वृद्ध, रोगी व प्रेत यांच्या दर्शनाची परंपरागत कथा नाकारली आणि त्या जागी शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा मांडला. आम्हांस हा योगायोग वाटत नाही. ज्याने महाड अनुभवले होते, त्याला पाण्याचा प्रश्न केवळ पावसाचा नसतो हे ठाऊक होते.

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळे कोरडे नव्हते. तेथे तुटवडा होता तो अधिकाराचा. पाणी प्राशन करून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, नगरपालिकेने तळे खुले करणारा स्वतःचाच ठराव त्याच वर्षी मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय येण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

या लढ्याचे स्मरण आपण दरवर्षी करतो. पण त्याचा दुसरा अर्धा भाग बहुधा विसरतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे महानदीच्या पुरांविषयी बोलताना, अतिरिक्त पाणी हे संकट मानून समुद्राकडे लोटण्याऐवजी ते साठवावे, असे त्यांनी प्रतिपादन केले. पूर व अवर्षण या दोहोंचा विचार त्यांनी एकत्र केला होता. पाणी साठवावे कसे आणि ते मिळावे कोणास, हे दोन्ही प्रश्न एकाच पुरुषाने हाताळले.

महाराष्ट्रात मात्र ते पुन्हा विलग झाले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि तलाव खोदणाऱ्या हातांत भूमिहीनांचे हात असंख्य होते. तलाव भरल्यावर पाणी ज्याची जमीन त्याच्या शेतात गेले. याला अपवाद ठरला तो पुरंदर तालुक्यातील नायगावचा. अभियंता विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरविला. माणशी अर्धा एकर, कुटुंबास कमाल अडीच एकर, ऊस वर्ज्य, आणि भूमिहीनालाही वाटा. ज्याला शेत नाही त्याला पाणी देणे कित्येकांना हास्यास्पद वाटले असेल. आमच्या मते या नियमावलीतील सर्वांत गंभीर कलम तेच होय.

आज हवामानबदलाच्या नावाने समतल चर, पाझर तलाव, बंधारे यांची कामे होतात, आणि ती झालीच पाहिजेत. १९९२ साली रिओ येथे राष्ट्रांनी जबाबदारी समान परंतु भिन्न प्रमाणात असल्याचे तत्त्व स्वीकारले. राष्ट्राराष्ट्रांत लावलेले हे माप गावात कोण लावणार? पाझरलेले पाणी विहीर असणाऱ्याच्या विहिरीत उतरते. चर खणणाऱ्याच्या पदरी रोजंदारी पडते, तीही काम असेतोवर. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविणारा २००५ चा राज्य अधिनियम पाणीवापर संस्थांना हक्क देतो. मात्र त्या संस्थांचे सभासद लाभक्षेत्रातील जमीनधारक असतात. नायगावच्या भूमिहीनाचे कलम त्यात उतरलेले नाही.